पाण्यावरचा पिंजरा

११ मार्च

आज जुन्या पिंजऱ्याचा शेवटचा खांब कापून रस्त्याकडेला नेऊन ठेवला. पोहण्याच्या तलावावर उभारलेल्या जाळीच्या घराला फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर सगळे पिंजराच म्हणतात. गेल्या सप्टेंबरच्या वादळानंतर आमच्या गल्लीत दारोदार मोडक्या पिंजऱ्यांचे ढीग लागले होते. इतरांनी आपापले ढीग तसेच उचलून दिले. मी आमचा आधी तपासला, म्हणून एवढा उशीर.

निदान असं: पिंजरा वाऱ्याने पडला हे अर्धसत्य आहे. बांधणाऱ्याने पायथ्याला साधे पोलादी स्क्रू मारले होते. खाऱ्या हवेत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र ठेवले की ते आतल्या आत एकमेकांना खातात. वरून रंग शाबूत, आत पांढरा भुगा. एक खांब तर अंगठ्याने दाबला तसा पावासारखा दबला. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते मोडलेली वस्तू हातात घेऊनच. बोटी उचलायच्या यंत्रांच्या मोटारी या कालव्यावर माझ्याइतक्या नीट कोणी बांधत नाही, हे माझं मत नाही, गिऱ्हाइकांचं आहे. हा पिंजराही मीच बांधणार आणि काय केलं ते इथे लिहून ठेवणार. ओस्वाल्दो पुहोलचा हा धंदाच आहे आणि तो चार घरं सोडून राहतो. तो म्हणाला, मला दे काम, महिनाभरात उभा करतो. महिनाभरात काय उभं राहतं ते मी नुकतंच रस्त्यावर नेऊन टाकलं आहे.

माझ्या बायकोने, मार्लिसने, दारातून विचारलं, "म्हणजे आता पाणी मोकळं झालं?"

मी म्हटलं, मोकळं नाही, उघडं झालं. उघड्या पाण्यात तुला कसं सोडू? डास, पानं, बेडूक, कालव्यातून काय काय वर येतं. ती बरं म्हणाली.

मार्लिसला कंपवात आहे. जमिनीवर तिचं पाऊल अडतं. पाण्यात छातीपर्यंत उभी राहिली की या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चालायची की पाहणाऱ्याने म्हणावं, हिला काय झालंय? व्यायाम शिकवणाऱ्या अ‍ॅडेअर बाई सांगतात, जमतंय तोवर रोज पाण्यात चालवा, पण एकटीला नाही. वादळाआधी मी तलावाच्या काठावर असायचोच, काही ना काही दुरुस्त करत. गावातला सार्वजनिक तलाव वादळात गेला तो अजून बंद आहे. सप्टेंबरपासून ती पाण्यात उतरलेली नाही. हिवाळ्यात पाणी तसंही गारठलेलं असतं, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

२ एप्रिल

परवाना मिळाला. नकाशा माझा मीच काढला. काउंटी कचेरीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, इतका स्वच्छ नकाशा इंजिनियर लोकही देत नाहीत. मी म्हटलं, त्यांना घाई असते.

नवा पिंजरा जुन्यापेक्षा उंच. कालव्याच्या बाजूला मधली आडवी पट्टी नाही, म्हणजे पाण्यातून थेट मॅनग्रोव्हची झाडं दिसतील. स्क्रू सगळे गंज न धरणारे. जाळी अशी बारीक विणीची की डोळ्यांना न दिसणारे चावरे किडेसुद्धा आत येणार नाहीत, आणि धागा असा की कुत्र्याच्या पंजानेही फाटणार नाही.

ओझीने (ओस्वाल्दोला सगळे ओझी म्हणतात) नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "रॉइस, अरे बाबा, डास अडवायचेत ना? मग चर्च कशाला बांधतोयस?"

मार्लिस हसली. पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही.

९ एप्रिल

सकाळी तलावात मगरीचं पिल्लू. हातभर लांब, तळाशी निवांत बसलेलं. सरकारी माणूस येऊन घेऊन गेला. मी मार्लिसला म्हटलं, पाहिलंस, म्हणून म्हणतो. ती म्हणाली, "ते उतरलं ना पण."

२४ एप्रिल

खांब उभे राहिले. प्रत्येकाला दोन बाजूंनी ओळंबा लावला. माप घेताना टेपचं दुसरं टोक मार्लिस धरते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, माझ्या प्रत्येक मापाचं दुसरं टोक तिनेच धरलं आहे. आज तिच्या बाजूला टेप थरथरत होता आणि पाव इंचाचा फरक पडत होता. दोनदा मापलं, दोनदा वेगळं आलं. शेवटी एक चिमटा घेऊन टेप खांबाला अडकवला. चिमटा जास्त भरवशाचा आहे. माप पुन्हा पाहायला मला मधेच उठावं लागत नाही, एकट्याने काम होतं.

मार्लिस थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. तिलाही आता ऊन सोसत नाही.

१७ मे

मागच्या सरकत्या दाराखालच्या पट्टीपाशी मार्लिसचं पाऊल अडतं. तिथे येते, थांबते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी पट्टी मोजली. अर्धा इंच वर आहे. दिवसभर बसून घासली, अगदी फरशीच्या रेषेत आणली. आता तिथून गोटी सोडली तरी अडणार नाही.

संध्याकाळी ती आली आणि तिथेच थांबली.

मी म्हटलं, आता तिथे काही नाही, ये. ती म्हणाली, "तिथे काही नाही हे मला माहीत आहे, रॉइस."

१९ मे

एक गोष्ट लक्षात आली, लिहून ठेवतो. सकाळी नवाच्या सुमाराला छताच्या तुळयांच्या सावल्या फरशीवर पडतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या पट्ट्यांवरून मार्लिस सरळ चालत जाते. पट्ट्या संपल्या की अडते. मला वाटलं तिथली फरशी जास्त सपाट असेल. पाणसळ लावून पाहिली. तशी नाही.

अ‍ॅडेअर बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, होतं तसं, समोर रेघ दिसली की पाय सुटतो. मग त्यांनी विचारलं पाण्याचं काय झालं. मी म्हटलं, काम चालू आहे. त्या म्हणाल्या, काम कधी संपेल ते नाही विचारलं. मला त्यांचा सूर आवडला नाही. पुढच्या खेपेला मी गाडीतच बसेन.

९ जून

छताचं काम. फरशीवरच्या तुळया मेमध्येच बसल्या, आता तलावावरच्या; त्यासाठी तलावावर आडव्या जाड फळ्या टाकून त्यावर चढायची घोडी उभी केली आहे. त्यामुळे पाणी दिसत नाही, नुसता खालून लपलप आवाज येतो. पाणी काढून टाकलेलं नाही. इथे जमिनीखाली पाणी इतकं वर आहे की रिकामा तलाव बोटीसारखा वर उचलला जातो. बाहेरून आलेली माणसं ती चूक करतात.

मार्लिसने विचारलं, एका बाजूच्या फळ्या काढून तेवढ्यात उतरता येईल का? पाणी आता छान कोमट झालं असेल. मी समजावून सांगितलं. वरून अ‍ॅल्युमिनियमचे कीस पडतात, तळाशी बसतात, पायाला कापतात. तिच्या पायाला कापलं तर लवकर भरत नाही. ती म्हणाली, "तू पण उतरलास तर?" मी म्हटलं, मग वर काम कोण करेल?

तिने पुन्हा विचारलं नाही. समजूतदार आहे, पहिल्यापासून.

३ जुलै

जाळी आली. भिंतींच्या चौकटींना लावायला सुरुवात केली. खाचेत रबरी दोरी दाबत जायचं, जाळी आपोआप ताणली जाते. कोपऱ्यापासून सुरू करायचं, मधून कधीच नाही. विणीची रेघ तुळईला समांतर राहिली पाहिजे. तिरकी बसली तर ती कायम डोळ्यांना खुपते. एक चौकट तीनदा काढून घातली. आता बोटाने वाजवली तर ढोलकीसारखी वाजते.

ओझी संध्याकाळी धुरावलेला मलेट मासा घेऊन आला. मार्लिसला देऊन मागे आला, जाळीला हात लावला, आणि त्याची थट्टा बंद झाली. म्हणाला, ही जाळी फार बारीक आहे आणि फार मजबूत. वारा हिच्यातून जाणार नाही, हिला शिडासारखा धरेल. साधी जाळी वादळात फाटते आणि सांगाडा वाचतो. जाळी फाटण्यासाठीच असते. हाडं राहिली पाहिजेत.

मी त्याला माझे स्क्रू दाखवले. जमिनीतले खिळे किती खोल आहेत ते सांगितलं. तो म्हणाला, "तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाऱ्याने तुझं काम पाहिलेलं नाही ना."

फाटण्यासाठी असलेली वस्तू मी माझ्या घरात लावू? तीस वर्षं हा माणूस दर वादळानंतर जाळ्या बदलून पोट भरतो. त्याला न फाटणारी जाळी कशी आवडेल?

मासा चांगला होता. मार्लिसला माशातला काटा चिमटीत धरवत नव्हता, म्हणून मीच काटे काढून दिले.

२२ जुलै

मार्लिस न्हाणीघरात पडली. हाड नाही मोडलं. दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या लावल्या, तिच्या कोपराची उंची मोजून. दुपारी रोजच्यासारखा पाऊस, छताचं काम बंद.

आमची मुलगी ब्रिन अटलांटाला असते, तिचा फोन आला. मार्लिसशी बराच वेळ बोलली. मग मला म्हणाली, बाबा, आईला यंदा पाण्यात उतरता येईल ना? मी म्हटलं, अर्थात, छत होऊ दे. ती म्हणाली, फोन आईला दे. आजकाल सगळेजण मला काहीतरी विचारतात आणि मग विषय बदलतात.

१५ ऑगस्ट

काउंटीचा तपासनीस येऊन गेला. तास घेईल वाटलं होतं, पण लवकरच आटोपला. दोन खांब हलवून पाहिले, दार आपोआप बंद होतं का ते पाहिलं, वर पाहिलं, सही केली. जाताना म्हणाला, हे कोणी बांधलं? मी म्हटलं, मीच. त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं. मला तेवढं पुरे.

फळ्या काढल्या. घोडी उतरवली. मार्लिस पोहण्याचे कपडे घालून दाराशी उभी होती. ते कपडे तिने केव्हा घातले असतील, एकटीने, आणि त्याला किती वेळ लागला असेल, हे मला आता लिहिताना सुचतंय. मी तिला तळ दाखवला. ऊन पडलं की किसाचे कण चमकतात. ते सगळे नळीने ओढून काढायला हवेत, हळूहळू, पाणी न ढवळता. आठवडाभर लागेल. मी म्हटलं, पुढचा शनिवार नक्की.

"शनिवार," ती म्हणाली. दाराची कडी धरून उभी होती, तशीच वळली. वळायलाही आता तिला चार-पाच छोटी पावलं टाकावी लागतात.

पिंजरा मात्र जसा कागदावर होता तसा उभा आहे. आत बसलं की एक किडा नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाणी स्वच्छ. पण सकाळच्या बातम्यांत आखाताच्या दक्षिणेला वादळ. सोमवारी संध्याकाळी इकडे. गल्लीत सगळीकडे खिडक्यांना फळ्या ठोकायचे आवाज. मीही ठोकल्या. पाण्याचं राहून गेलं.

ओझी दुपारी आला. कमरेला जाळी कापायची सुरी. सकाळपासून तो लोकांच्या पिंजऱ्यांच्या जाळ्या कापत फिरतोय. इथली हीच रीत आहे: मोठं वादळ येणार असलं की चौकटीचौकटीतून जाळी कापून टाकायची, वारा आरपार जाऊ द्यायचा. म्हणाला, उद्या सकाळी मी येतो, दोघं मिळून कापू.

मी सांगितलं, माझी कापायची नाही. त्यासाठीच तर तसली घेतली.

ओझीने मार्लिसकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग गेला.

२४ ऑगस्ट

सकाळी सामान गाडीत भरत होतो. अटलांटाला, ब्रिनकडे निघायचं होतं. मागून कर्रर्र असा आवाज आला. धातूवर धातू.

मार्लिस कालव्याच्या बाजूच्या चौकटीपाशी उभी होती. हातात स्वयंपाकघरातली सुरी. जाळीवर टोक टेकवून दाबत होती आणि सुरी घसरून खांबाच्या रंगावर जात होती. खांबावर चार-पाच ओरखडे. जाळीला एक भोक, नखाएवढं. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा सुरी तिच्या मुठीत राहत नव्हती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. रंगाबद्दल होतं.

ती थांबली नाही. सुरी पडली. खाली वाकून उचलता येत नव्हती, म्हणून ती तिथेच खांबाला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली. तिचा आवाज आता बारीक झालाय, जवळ जावं लागतं. मी जवळ गेलो.

"मला जाळी नकोय, रॉइस. मला पाणी हवंय. हे पडलं तर तू पुन्हा बांधायला घेशील. पहिल्यापेक्षा चांगलं बांधशील. आणि ते होईपर्यंत मी नसेन रे पाण्यात उतरण्यासारखी. मार्चमध्ये होते. एप्रिलमध्ये होते. तू चिमटा लावलास तेव्हाही होते."

मला बाजू मांडायची होती. कीस होते, मगर होती, फळ्या होत्या. सगळं खरं होतं, एकही कारण खोटं नव्हतं. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. तो तिने माझ्यापासून लपवलाही नाही. हा हात मी रोज बघतो, त्याला काटे काढून मासा देतो, आणि तो इतका निकामी झाला हे मला आज सुरीमुळे कळलं.

आतून माझी सुरी आणली. पहिली चौकट कापली. ताणलेली जाळी कापली की मोठा आवाज होतो, कापड फाडल्यासारखा नाही, दोर तुटल्यासारखा. भिंती झाल्या, मग शिडी लावून छत. ओझी येऊन पलीकडच्या टोकाने लागला.  एकदा शिडीवरून म्हणाला, तुझी जाळी खरंच मजबूत आहे राव, हात भरून आले.

बाराच्या आत संपलं. अंगणभर जाळीच्या लांब पट्ट्या. मार्लिस गाडीत जाऊन बसली होती. तिचा पट्टा मी लावला.

२९ ऑगस्ट

परत आलो. रस्त्यात झाडं, वीज नाही. ओझीच्या घराचं छप्पर एका बाजूने उघडं पडलंय. पलीकडच्या गल्लीत, जिथे जाळ्या कापल्या नव्हत्या, तिथले पिंजरे सरळ कालव्यात.

आमचा सांगाडा उभा आहे. तिरक्या ताणाची एक तार तुटली, बाकी एक स्क्रू हलला नाही. हे मी मार्लिसला सांगायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो.

३० ऑगस्ट

सकाळपासून पाण्यातली पानं आणि फांद्या काढल्या. पंप बंद, त्यामुळे पाणी चहासारखं झालंय. तळ दिसत नाही. काय काय असेल खाली.

तरी उतरलो. आधी मी, अंगावरच्या कपड्यांनिशी. या तलावाच्या पायऱ्या मी बांधल्या, फरशी मी बसवली, पण त्यात मी किती वर्षांनी पाय टाकला ते मला आठवेना. मग मागे वळून तिचे दोन्ही हात कोपरापासून धरले. पायऱ्या उतरायला फार वेळ लागला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा तिने डोळे मिटले.

मला वाटलं होतं, उतरली की ती पूर्वीसारखी चालेल. नाही चालली. पाण्यातही आता पाऊल अडतं. मी मागे मागे जात राहिलो, ती माझ्या हातांवर भार टाकून पुढे. मध्यापर्यंत गेलो. तिथे ती दमली. एप्रिलमध्ये ती त्या टोकापर्यंत गेली असती. हे ती म्हणाली नाही, मीच म्हणतोय.

वर उघडं आभाळ होतं. डासांनी माझी मान फोडून काढली. तिला बहुतेक चावले नाहीत, किंवा तिने सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

आम्ही रोज उतरतो. काल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचलो, मधे दोनदा थांबून.

जाळीचं काम ओझीला दिलं. त्याने निवडलेली, साधी, ढिल्या विणीची. ब्रिनला फोनवर सांगितलं तर तिने आईला विचारलं, बाबांना बरं आहे ना?

ओझी आज सकाळी दोन माणसांना घेऊन आला तेव्हा आम्ही पाण्यात होतो. मी म्हटलं, तुम्ही वर काम करा, आम्ही खाली करतो. तो म्हणाला, आता कालव्यावर बातमी पसरेल, रॉइसने दुसऱ्याला शिडी दिली.

छताच्या तिसऱ्या चौकटीत जाळी तिरकी बसली. दोरी कोपऱ्याऐवजी मधूनच दाबायला घेतली होती. विणीची रेघ तुळईपासून सरकत सरकत गेली, खालून स्पष्ट दिसत होतं. मी वर बघतोय हे ओझीने पाहिलं. शिडीवरून म्हणाला, "बोलून टाक, नाहीतर तुला रात्रभर झोप नाही लागायची."

मार्लिसचं पाऊल उचललेलं होतं. ते टेकेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही, एवढं मी या दोन आठवड्यांत शिकलो आहे. मान खाली घेतली.

टेकलं. मग तिने दुसरं उचललं.